शाळेसाठी कॅमकॉर्डर निवडताना : रेकॉर्डिंग फॉरमॅट समजून घेऊ या



मागच्या आठवड्यात शेजारच्या केंद्रातल्या एका सरांचा फोन आला. "लोकवर्गणीतून थोडे पैसे जमलेत, कॅमकॉर्डर घ्यावा म्हणतोय. कोणता घेऊ?" मी म्हटलं, सर, कोणता ते नंतर बघू. आधी हे सांगा, त्यात काय धरणार आहात आणि ते दहा वर्षांनी कशावर लावून बघणार आहात? सर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "दहा वर्षांचं कोण बघतंय, गॅदरिंग आलंय तोंडावर."

मीही पूर्वी असंच म्हणालो असतो. पण एका गोष्टीने मला धडा शिकवला, ती सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

आमच्या पालीच्या परिसरात, बिंदुसरा तलावाच्या अलीकडे-पलीकडे, दिवाळीनंतर बरीच घरं रिकामी होतात. आई-वडील ऊसतोडीला जातात, लेकरं आजी-आजोबांकडे राहतात. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीची आजी जात्यावरच्या ओव्या फार छान म्हणायची. 'परिसर अभ्यास' घेताना मी तिला वर्गात बोलावलं आणि माझ्या मोबाईलवर तीनेक मिनिटं रेकॉर्डिंग केलं. वर पंखा गरगरत होता. ते रेकॉर्डिंग मी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि विषय संपला. पुढे मोबाईल हँग व्हायला लागला म्हणून तो फॉरमॅट मारला. वर्षभरात आजी वारली. मुलीचे वडील फडावरून आले आणि म्हणाले, "गुरुजी, आईचा व्हिडिओ हाय ना तुमच्याकडं?"

होता, पण व्हॉट्सॲपवरचा. मूळ फाईल साडेतीनशे-चारशे एमबीची असणार, हातात राहिली ती ११ एमबीची. चेहरा चौकटी-चौकटींचा, आवाज पंख्याखाली दबलेला. ओवीची दुसरी ओळ तर ऐकूच येत नाही. तेच पाठवलं. त्यांनी घेतलं, काही बोलले नाहीत.

फॉरमॅट, कोडेक, बिटरेट हे शब्द मी त्यानंतर शिकलो. तुम्ही आधी शिकावेत म्हणून हा पाठ.

मोबाईल असताना कॅमकॉर्डर कशाला?

हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिलाच येणार, उत्तर तयार ठेवा. खरं सांगायचं तर दोन मिनिटांच्या कृतीसाठी, गणितातला एखादा संबोध दाखवण्यासाठी मोबाईल पुरेसा आहे. चांगला मोबाईल असेल तर उजेडात त्याचं चित्र स्वस्त कॅमकॉर्डरपेक्षा सरसच येतं. स्वस्त कॅमकॉर्डरचा सेन्सर, म्हणजे ज्यावर प्रकाश पडून चित्र तयार होतं तो भाग, नखापेक्षाही लहान असतो. संध्याकाळच्या गॅदरिंगमध्ये चित्रात मुंग्या दिसतात त्या त्यामुळेच.

कॅमकॉर्डरची खरी ताकद तिसरीकडेच आहे. एक म्हणजे ऑप्टिकल झूम. मंडपाच्या शेवटच्या खुर्चीमागे स्टँड लावून स्टेजवरच्या मुलाचा चेहरा पडदाभर आणता येतो, कारण भिंगं प्रत्यक्ष पुढे-मागे सरकतात. डिजिटल झूम म्हणजे नुसतं चित्र कापून ताणणं. खोक्यावर '३०० एक्स' असं कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो, तिकडे बघू नका. दुसरं, तो तासन् तास न थांबता चालतो. मोबाईलला मध्येच फोन येतो, तो तापतो, जागा संपते. फोटोचे बरेच कॅमेरे तर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. आणि तिसरं, बॅटरी बदलता येते. आपल्याकडच्या लाईटचा भरवसा तुम्हाला माहीतच आहे.

थोडं गणित करू

आता फळ्यावर मांडू या. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरा. एका सेकंदात अशी २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला सुमारे १५५ एमबी आणि तासाला जवळजवळ ५६० जीबी! एक गॅदरिंग साठवायला अख्खी हार्डडिस्क लागली असती.

म्हणून कॅमेरा चित्र दाबतो. कसं दाबतो ते बघा, मुलांनाही सांगण्यासारखं आहे. समजा, तुम्ही फळ्यासमोर शिकवताय. भिंत तीच, फळा तोच, गांधीजींचा फोटो तोच. हलतोय फक्त तुमचा हात. मग प्रत्येक वेळी पूर्ण भिंत का लिहायची? कॅमेरा एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांत 'काय बदललं' एवढंच लिहितो. ही दाबण्याची पद्धत म्हणजे कोडेक. सध्या सगळीकडे चालणारा कोडेक आहे एच.२६४, तो २००३ मध्ये आला. त्यानंतर २०१३ मध्ये आलेला एच.२६५ तेवढ्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवतो. पण शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो अडखळत चालतो, कधी चालतच नाही. म्हणून मी अजूनही एच.२६४ वर आहे.

दर सेकंदाला किती माहिती लिहायची तो बिटरेट. इथे एक गोम आहे. बिटरेट मेगाबिटमध्ये सांगतात आणि कार्ड मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून ८ ने भागायचं. १७ मेगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वादोन एमबीच्या आत-बाहेर, तासाला साधारण साडेसात जीबी. ५० मेगाबिट असेल तर तासाला साडेबावीस जीबी. ३२ जीबीच्या कार्डवर पहिल्यात चार तास मावतात, दुसऱ्यात जेमतेम सव्वा ते दीड तास.

मग कोणता ठेवायचा? आजीबाई बसून बोलताहेत, मागे भिंत आहे, तर १७ पुष्कळ झाला. पण लेझीम असेल, धूळ उडतेय, मागे लिंबाची पानं हलताहेत, तर सगळंच बदलत असतं, दाबायला काही उरत नाही. तिथे बिटरेट कमी ठेवला की चित्राच्या चौकटी पडतात. पावसाचं शूटिंग करून बघा, लगेच कळेल.

डबा वेगळा, भाजी वेगळी

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. "सर, माझी फाईल एमपी४ आहे तरी टीव्हीवर का लागत नाही?" तर बघा, एमपी४, एमटीएस, एव्हीआय, एमओव्ही हे नुसते डबे आहेत. आत भाजी कोणती, हे डब्यावरून कळत नाही. एमपी४ च्या डब्यात एच.२६४ असू शकतं, एच.२६५ ही असू शकतं. टीव्हीला डबा उघडता येतो, पण आतलं पचत नाही.

कॅमकॉर्डरच्या सेटिंगमध्ये तुम्हाला एव्हीसीएचडी असं नाव दिसेल. सोनी आणि पॅनासोनिक यांनी मिळून २००६ मध्ये काढलेला हा फॉरमॅट. भाजी एच.२६४ चीच, डबा एमटीएस. कार्डवर तो एका फाईलमध्ये राहत नाही, फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करून ठेवतो. शिवाय ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांची जी मांडणी असते तिच्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून लांबलचक कार्यक्रमाचे आपोआप तुकडे पडतात. आपण आतल्या फाईली तेवढ्या उचलतो, बाकीचं पुसतो, आणि मग जोडताना तुकड्यांच्या सांध्यात आवाज खटकतो. म्हणून कार्डवरचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा.

मग सरळ एमपी४ च का नको? सोय म्हणून एमपी४ चांगलंच, टाकलं की मोबाईलवर, प्रोजेक्टरवर चालतं. पण एक फरक लक्षात ठेवा. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका बहुतेक वेळा रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. मध्येच बॅटरी गेली किंवा कुणी कार्ड उपसलं, तर अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही आणि सगळी फाईल उघडायला नकार देते. एमटीएस फाईल लहान लहान तुकड्यांनी लिहिली जाते, त्यामुळे जिथपर्यंत झालं तिथपर्यंतचं बहुधा मिळतं. मी लांब कार्यक्रम एव्हीसीएचडीत घेतो आणि वर्गातले छोटे व्हिडिओ एमपी४ मध्ये.

ट्यूबलाईटचे पट्टे

वर्गात शूटिंग केलं की चित्रात वरून खाली सरकणारे काळसर पट्टे येतात, अनुभव असेल. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त उजळते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं घेत असेल तर ताळमेळ बसत नाही. २५ किंवा ५० चित्रं ठेवा, शटर १/५० किंवा १/१०० करा, पट्टे जातात. याच कारणाने कुणाचा भाचा अमेरिकेहून कॅमकॉर्डर आणून देतो म्हणाला तर आधी विचारा. तिकडचे बरेच मॉडेल ६० च्या हिशेबाचे असतात, आपल्याला ५० वालं, ज्याला पाल म्हणतात ते हवं. (आमच्या गावाचं नाव पाली आणि फॉरमॅट पाल, यावर मुलं फार हसतात.)

आकड्यापुढे 'आय' असेल तर चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीने घेतल्या जातात, 'पी' असेल तर पूर्ण चित्र एकदम. जुन्या टीव्हीसाठी 'आय' ठीक होतं. आज प्रोजेक्टरवर लावलं की धावणाऱ्या मुलाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. 'पी' निवडा. ४के मध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात, पण बिटरेटही तसाच, १०० मेगाबिट असेल तर तासाला ४५ जीबी. ते साठवायचं कुठे? माझ्या मते शाळेला फुल एचडी पुरे.

आवाज : पैसे इथे घाला

चित्र थोडं खराब असलं तर माणूस बघतो, आवाज खराब असला तर उठून जातो. कॅमेऱ्यावरचा माइक सगळ्यात जवळचं जे आहे ते ऐकतो, म्हणजे पंखा आणि तुमचा श्वास. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारा, 'बाहेरचा माइक लावायला जागा आहे का?' उदाहरणच द्यायचं तर सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ मध्ये झूम ३० पट आहे, पण साध्या माइकची पिन लावायला जागा नाही. पॅनासोनिकच्या एचसी-व्ही७८५ मध्ये झूम २० पटच आहे, पण माइक आणि हेडफोन दोन्हींना जागा आहे. मला विचाराल तर दहा पट झूम गेला तरी चालेल, माइकची पिन पाहिजे. हे मॉडेल आज दुकानात मिळतीलच असं नाही. कॅमकॉर्डर बनवणंच कंपन्यांनी कमी केलंय. पण वापरलेला घेतानाही बघायच्या गोष्टी याच.

कॉलरला लावायचा वायरचा माइक स्वस्तात मिळतो. पंखा बंद करा, गर्मी झाली तर होऊ द्या. जात्यावर बसलेल्या बाईचा माइक जात्यापासून वर, पदराजवळ लावा, नाहीतर घरघरच ऐकू येते. पण जातं पूर्ण थांबवूही नका, ओवीची लय त्याच्या फेऱ्यावर असते. आणि कानाला हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका. मी ते केलं असतं तर पंखा तेव्हाच ऐकू आला असता.

कपाटातल्या कॅसेटी

आमच्या शाळेच्या कपाटात तीन मिनी डीव्ही कॅसेटी सापडल्या. आगपेटीहून थोड्या मोठ्या, एकीवर निळ्या शाईने 'स्नेहसंमेलन २००६'. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होती, पण त्या लावायचा कॅमेरा केव्हाच निकामी झालेला. डीव्ही हा फॉरमॅट १९९५ चा आणि तसा फार चांगला. साधी ६० मिनिटांची टेप, आत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं डिजिटल चित्र, तासाला सुमारे १३ जीबी. पण टेपवरून ते काढायला त्याच जातीचा चालू कॅमेरा लागतो, फायरवायर नावाची केबल लागते, आणि ती केबल लावायची जागा आताच्या लॅपटॉपला नसते. तासाची टेप उतरायला तासच लागतो, घाई चालत नाही.

शेवटी बीडमध्ये लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका जुन्या फोटोग्राफरकडे तसा कॅमेरा आणि जुना कॉम्प्युटर निघाला. दोन टेपा उतरल्या. तिसरीला बुरशी लागली होती, ती त्याने मशिनमध्ये घालायलाच नकार दिला, हेड खराब होतं म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. उतरलेल्या टेपेत नाचणारी मुलं आता पालक आहेत. त्यातला एक टोळीबरोबर कारखान्यावर होता, त्याला तुकडा पाठवला. या वेळी व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, म्हणजे फाईल न दाबता जशीच्या तशी जाते. त्याचा रात्री फोन आला, सगळ्या कोपीतल्या लोकांनी बघितला म्हणे.

गावात कुणाकडे कॅसेटी असतील तर आताच उतरवून घ्या. ८ सेंटीमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे कॅमेरेही मध्ये आले होते. त्या तबकडीत १.४ जीबी मावतं आणि शेवटी कॅमेऱ्यात 'फायनलाइज' केली नसेल तर ती कॉम्प्युटरला कोरीच वाटते. फेकू नका, तोच कॅमेरा शोधा.

कार्ड आणि कॉपी

कार्ड क्लास १० किंवा त्यावरचं घ्या. क्लास १० म्हणजे सेकंदाला कमीत कमी १० एमबी लिहू शकणारं. ५० मेगाबिटला सव्वासहा एमबी लागतात, म्हणजे पुरतं. ४के साठी व्ही३० बघा. बाजारात खोटी कार्डंही असतात, वर ६४ छापलेलं आणि आत ८ च. नवं कार्ड आणलं की एकदा काठोकाठ भरून परत उघडून बघा. आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको.

रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी. एक शाळेच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत, मुख्याध्यापकांच्या घरी म्हणा. दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. फाईलला '००००७' असं कॅमेऱ्याने दिलेलं नाव ठेवू नका. तारीख, गाव, कोण, काय, एवढं लिहा. मुलांचं शूटिंग असेल तर पालकांची लेखी संमती फाईलला लावा आणि कुठे दाखवणार तेही त्यात लिहा.

नाव-गाव लिहिण्याचं महत्त्व आपल्याच जिल्ह्यात दिसतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याहून काम उभं करून महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी त्यांची नोंदणी कॉम्प्युटरवर बांधली आणि गावोगाव जाऊन आवाज रेकॉर्ड केले. १९९६ मध्ये आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत. प्रत्येक ओवीला बाईचं नाव, गाव, तालुका जोडलेला. म्हणूनच वीसेक वर्षांनी, २०१७ मध्ये, 'पारी'च्या लोकांना परत त्याच भीमनगरात जाऊन गायिकेला शोधता आलं आणि व्हिडिओ घेता आला. ते इंटरनेटवर मोफत ऐकता येतं. वर्गात जरूर लावा.

मुलांसाठी एक कृती

कॅमेरा आला की पहिला आठवडा तो मुलांच्या हातात द्या. स्टँडवर लावून कुंडीत हरभरा पेरा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये हेच केलं होतं. लंडनहून आणलेला कॅमेरा कुंडीसमोर ठेवून रोपाची वाढ थोडी थोडी टिपली, आणि तो छोटा चित्रपट दाखवून पुढच्या कामासाठी भांडवल मिळवलं. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ चा.

आपण दर अर्ध्या तासाला एक चित्र घेऊ. कॅमेऱ्यात तशी सोय नसेल तर मोबाईल वापरा, इथे मोबाईलच बरा. रात्री दिवा एकसारखा ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. मग मुलांना विचारा :

१) दिवसाला किती चित्रं होतील?
२) दहा दिवसांची किती?
३) सेकंदाला २५ चित्रं दाखवली तर व्हिडिओ किती सेकंदांचा होईल?

(उत्तरं : ४८, ४८०, सुमारे १९ सेकंद.)

चौथा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका पोराने काढला. आई-बाबा ऊसतोडीला गेल्यापासून परत येईपर्यंत रोज एक चित्र घेतलं तर किती सेकंद होतील? आम्ही १५० दिवस धरले. उत्तर आलं ६ सेकंद. ते चित्र कशाचं घ्यायचं, यावर वर्गात अजून एकमत झालेलं नाही. काही जण म्हणतात दाराचं, काही म्हणतात आजीचं.